माणूस दुकानात काय मागतो?



रविवारी सुपेल्यात भाषण ठेवायचं म्हणजे आयोजकांच्या धाडसाला दाद द्यायला हवी. बाहेर बाजार भरलेला आहे आणि तुम्ही पिशव्या घरी ठेवून इथे येऊन बसलात. तेव्हा मी फार पाल्हाळ लावणार नाही.

माझं काम सेवांची आखणी करण्याचं. म्हणजे काय, तर माणूस दवाखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुठून कुठे जाईल, कुठे थांबेल, कुणाशी बोलेल, कुठला कागद कुणाला देईल, हे आधी विचार करून ठरवायचं. बँक असो, बसस्टँड असो की मोबाइलमधलं अ‍ॅप असो, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. कुणीच ठरवलं नसेल तर ते आपोआप ठरतं. आणि जे आपोआप ठरतं ते बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या सोयीचं नसतं, खिडकीमागे बसलेल्याच्या सोयीचं असतं. याचा अनुभव तुम्हा सगळ्यांना आहे, नाव घ्यायची गरज नाही.

आजचा प्रश्न साधा आहे. माणूस एखादी वस्तू घेतो, एखादी सेवा वापरतो, तेव्हा तो खरोखर काय मागत असतो? तोंडानं तो म्हणतो, 'अर्धा किलो टमाटे द्या.' पण ज्या भाजीवालीकडून तो दहा वर्षं टमाटे घेतो, तिच्याचकडून का घेतो? शेजारच्या ठेल्यावर दोन रुपये स्वस्त आहेत, हे त्याला दिसत असतं. तरी तो तिथे जात नाही. ते दोन रुपये तो कशाचे देतो?

भूक, तहान, निवारा या शरीराच्या गरजा. त्या भागल्या नाहीत तर शरीर खंगतं. तशा मनाच्याही गरजा आहेत का, की ज्या भागल्या नाहीत तर मन खंगतं? अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली मानवी गरजांची उतरंड मांडली, ती तुम्ही कॉलेजात त्रिकोणाच्या आकारात पाहिली असेल. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ लेखात त्रिकोण नाही. तो पुढे इतरांनी काढला आणि तोच लोकांच्या डोक्यात राहिला. त्या त्रिकोणानं एक घोटाळा केला. आधी पोट, मग घर, मग सुरक्षितता, आणि मान वगैरे सगळ्यात वर, असं आपण धरून चाललो. म्हणजे गरिबाला आधी पोट भरू द्या, मानाचं नंतर पाहू. आपल्या कितीतरी सरकारी योजना, कितीतरी दवाखाने या समजुतीवर उभे आहेत. आणि ते का चालत नाहीत याचं उत्तरही त्याच समजुतीत आहे.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेनं विचार केला. त्याची सुरुवात १९७१ साली डेसींनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून झाली. त्यांनी विद्यार्थ्यांना ठोकळे जोडून आकृत्या करायचं कोडं दिलं. कोडं मजेदार होतं, मुलं मधल्या सुट्टीतही ते घेऊन बसायची. मग त्यातल्या काही मुलांना एका दिवशी प्रत्येक सोडवलेल्या आकृतीमागे एक डॉलर दिला. पुढच्या वेळी पैसे बंद केले. तर काय झालं? ज्यांना पैसे मिळाले होते, ती मुलं आता मोकळ्या वेळेत कोड्याला पहिल्याइतका हात लावेनात. जे स्वतःच्या हौसेनं चाललं होतं, ते पैशानं मजुरी होऊन बसलं.

यातून पुढे बरीच वर्षं काम होत गेलं आणि त्यांनी मनाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या. पुस्तकी भाषेत स्वायत्तता, क्षमता आणि संबद्धता. पुस्तकी भाषा राहू द्या. मी ती तीन साध्या वाक्यांत सांगते. पहिलं, 'माझं मी ठरवलं.' दुसरं, 'मला जमलं.' तिसरं, 'मी कुणाचा तरी आहे.' बस्स, एवढंच. आणि त्यांचं म्हणणं असं की या तीन गरजा पोट भरल्यानंतर सुरू होत नाहीत. त्या पोटाच्या बरोबरीनं चालतात. उपाशी माणसालाही अपमान कळतो.

आता हे तुमच्याच गावात पाहू. भिलाई हे आपल्या देशात कागदावर आधी आखून मग वसवलेलं शहर. १९५५ साली सोव्हिएत संघाबरोबर करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्याच्याबरोबर सेक्टर आले. रुंद रस्ते, झाडं, क्वार्टर, शाळा, दवाखाना, खेळायला मैदान. वऱ्हाडातून, नागपुरातून तुमच्यापैकी कितीजणांचे आजोबा-वडील त्या नोकरीसाठी इथे आले. शरीराच्या सगळ्या गरजा त्या नकाशात होत्या, आणि चांगल्या रीतीनं होत्या. तरीही रुळाच्या पलीकडे, जी. ई. रोडच्या कडेला सुपेला वाढत गेलं. ते असं सगळं एका नकाशात बसवून उभं राहिलं नाही. मग सेक्टरातली माणसं पिशवी घेऊन रूळ ओलांडून इथे का यायची?

इथे घासाघीस करता येते. 'नाही परवडत, चाललो मी,' असं म्हणून चार पावलं निघून जाता येतं आणि मागून हाक येते. म्हणजे भाव मी ठरवला. इथे चांगली भेंडी निवडून काढता येते, टोक मोडून पाहता येतं. म्हणजे पारख मला जमते. आणि इथे 'भैया, पिछले हफ्ते नहीं आए?' असं विचारणारं कुणीतरी असतं. म्हणजे मी आलो काय नि नाही आलो काय, कुणाला तरी फरक पडतो. आखलेल्या शहराला जे सुचलं नव्हतं, ते बाजारानं आपोआप दिलं. शेजारच्या ठेल्यावरचे स्वस्त टमाटे सोडून आपण जे दोन रुपये जास्त देतो, ते याचे.

पण बाजार हे आपोआप देतो म्हणून सगळ्याच गोष्टी आपोआप होतील, असं नाही. जिथे जिवाचा प्रश्न असतो तिथे विचारपूर्वक आखणी करावी लागते. आणि त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण इथून फार लांब नाही. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातलं.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचं 'सर्च' या संस्थेचं काम गडचिरोलीत १९८६ पासून चालू आहे. आदिवासींसाठी दवाखाना काढायचा होता. आपण काय केलं असतं? चांगली इमारत, स्वच्छ पांढऱ्या भिंती, पांढऱ्या कपड्यातल्या नर्सबाई, भेटायच्या वेळेची पाटी. त्यांनी आधी आदिवासींनाच विचारलं, की तुम्ही आजारी पडता तरी दवाखान्यात का जात नाही? उत्तरं काय आली पाहा. तुमच्या इमारती मोठ्या, आम्ही आत हरवतो. तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढऱ्या कापडात मेलेल्याला गुंडाळतात. आजारी माणसाला तुम्ही आत ठेवता आणि घरच्यांना बाहेर काढता. आणि तुमच्या दवाखान्यात देव नाही.

मंडळी, यात एकही तक्रार औषधाबद्दल नाही. एकही तक्रार पैशाबद्दल नाही. 'मी हरवतो' म्हणजे मला जमत नाही. 'घरच्यांना बाहेर काढता' म्हणजे मी कुणाचा उरत नाही. 'देव नाही' म्हणजे हे ठिकाण माझं नाही, इथे माझं काही चालत नाही. त्या तिन्ही गरजा, कुठलंही पुस्तक न वाचता, त्या माणसांनी नेमक्या सांगितल्या.

मग शोधग्रामला दवाखाना उभा राहिला तो आदिवासी पाड्यासारखा. झोपड्यांसारख्या खोल्या, रोग्याबरोबर घरच्यांना राहता येईल अशा. आणि नाव? मां दंतेश्वरी दवाखाना. दंतेश्वरी कुठली, हे छत्तीसगडात राहणाऱ्या तुम्हाला मी काय सांगणार! दंतेवाड्याची ती देवी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आदिवासींची. आजाराला घाबरून नाही, तर देवीच्या दारी आल्यासारखं माणूस तिथे येऊ शकतो. औषध तेच, सुई तीच, शास्त्र तेच. फक्त दाराचा उंबरठा खाली आणला.

त्याच कामातली दुसरी गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. लहान बाळांना न्यूमोनिया होतो. तो ओळखायची एक सोपी खूण म्हणजे बाळ मिनिटाला किती श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त, त्याहून मोठं तान्हं पन्नास किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. आता हे मोजायचं कुणी? डॉक्टर तर पाड्यावर नसतो. गावातली दाई असते. पण कितीतरी दायांना पन्नास-साठपर्यंत आकडेच येत नव्हते. यावर दोन मार्ग होते. 'या बायका अडाणी आहेत, यांना नाही जमणार' असं म्हणून सोडून द्यायचं, हा एक. दुसरा मार्ग त्यांनी घेतला. वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, असं एक साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत तर प्रत्येक बाईला मोजता येतं! जिला कालपर्यंत जग अडाणी म्हणत होतं, ती आज निदान करू लागली.

आखणी म्हणतात ती याला. दाईला साठपर्यंत आकडे शिकवण्यात चार महिने घालवता आले असते. त्याऐवजी तिला जे येतं तिथपर्यंत यंत्र चालत आलं. वस्तू करणाऱ्या प्रत्येकानं हे एक वाक्य लिहून ठेवावं असं मला वाटतं: वापरणाऱ्याला जमत नसेल, तर आधी वस्तू तपासा.

पुढे तिथल्या ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्या आरोग्यदूत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरलं होतं. २०११ पासून आशाताईंच्या घरभेटींमधून हीच पद्धत देशभर नेण्यात आली. छत्तीसगडच्या खेड्यातही आज बाळंतिणीच्या घरी आशाताई, तुमच्याकडे म्हणतात ती मितानिन, जाते ना, त्या वाटेवर गडचिरोलीच्या त्या गावांची पावलं आहेत. कुणी म्हणेल मानसशास्त्र म्हणजे सजावट, आधी मूलभूत सोयी पुरवा. मी त्यांना हा आकडा दाखवते. मनाची गरज ओळखली म्हणून जीव वाचले.

आता तुमच्या आणखी जवळ येऊ. भिलाईच्या भट्ट्यांत जे लोहखनिज येतं, ते दल्ली राजहराचं. तिथल्या खाणकामगारांची संघटना १९७७ साली उभी राहिली, शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचार न मिळाल्यानं गेल्या. कामगारांनी ठरवलं, आपला दवाखाना आपण बांधायचा. १९७७ च्या गोळीबारात मेलेल्या सोबत्यांच्या नावानं, ३ जून १९८३ रोजी शहीद अस्पताल सुरू झालं. वर्गणी कामगारांची, श्रमदान कामगारांचं.

इथे कुणी विचारेल, दान घेऊन यापेक्षा मोठी इमारत झाली नसती का? झाली असती. पण ज्या भिंतीची वीट मी उचलली, त्या भिंतीशी माझं बोलणं वेगळं असतं. तिथे मी हात जोडून उभा राहत नाही. 'माझं मी ठरवलं' याचा अर्थ प्रत्येक गोष्टीत पन्नास पर्याय देणं असा नाही. मॉलमध्ये पंचवीस प्रकारचे शाम्पू असतात, त्यानं कुणी मोकळं होत नाही. ठरवण्यात माझा वाटा होता का, हा प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं समाजसेवेचं झालं. आम्ही दुकानदार, आमची मुलं इंजिनिअर, आम्हाला धंदा करायचाय. ठीक. धंद्याचं सांगते. भिलाईची पहिली भट्टी सुरू झाली त्यानंतर सव्वा महिन्यानं, १५ मार्च १९५९ रोजी, मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. तो लिज्जत पापड. त्यांचा माल चांगला आहेच, पण मी बोलते आहे ते कामाच्या आखणीबद्दल. बाई केंद्रावर येते, भिजवलेलं पीठ घेऊन घरी जाते, आपल्या वेळेनं लाटते, पापड परत आणून देते, तपासून घेतला की मजुरी हातात. म्हणजे वेळ तिनं ठरवली. काम असं निवडलं की जे त्या बायकांना आधीपासून उत्तम येत होतं, म्हणजे 'मला जमतं' हे पहिल्याच दिवशी. आणि तिथे कुणी कामगार नाही, सगळ्या 'भगिनी', सगळ्या मालकीण, नफातोटा सगळ्यांचा. सात बायकांच्या पुढे हजारो झाल्या. हा धंदाच आहे. पण त्याच्या पायात या तिन्ही गरजा घातलेल्या आहेत.

आणि अगदी आजचं उदाहरण बाहेर बाजारातच आहे. ठेल्यावर ठेवलेला तो छोटा स्पीकर, पैसे आले की मोठ्यानं सांगणारा. यूपीआय आलं २०१६ साली. पण भाजीवालीची अडचण अशी, की तिचे हात ओले, समोर चार गिऱ्हाइकं, मोबाइल पिशवीत, आणि गिऱ्हाईक स्वतःचा मोबाइल दाखवून म्हणतो, 'भेज दिया.' त्या पडद्यावरचं तिला वाचता येईलच असं नाही. खरा आहे की खोटा, कसं कळणार? आणि विचारावं तर गिऱ्हाइकाचा अपमान. त्या स्पीकरनं हे दोन्ही सोडवलं. तिला वाचावं लागत नाही, आणि कुणावर संशय घ्यावा लागत नाही. सगळ्या बाजारासमोर यंत्र सांगतं, पैसे मिळाले. तिचा शब्द गिऱ्हाइकाच्या शब्दाच्या बरोबरीला आला. हे काम महागड्या फोननं झालं नाही, ते एका आवाजानं झालं.

रांगेचंही तसंच. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलं. किती वेळ हे माहीत नसलेली वाट पाहणं हे ठरावीक वेळेच्या वाट पाहण्याहून लांब वाटतं. कारण न सांगता थांबवलं तर ते आणखी लांब. आणि आपल्यामागून आलेला पुढे गेला तर मग विचारूच नका. माणूस अर्धा तास थांबायला तयार असतो, मूर्ख बनायला तयार नसतो. तुमच्या दवाखान्यात डॉक्टर कमी असतील, ते एका दिवसात वाढणार नाहीत. पण 'आता बारावा नंबर चालू आहे, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, अकरा वाजता येतील' एवढं फळ्यावर लिहायला खडूच लागतो.

इथपर्यंत गोड गोड झालं. आता कडू भाग, आणि खरं तर याच्यासाठीच मला सुपेल्यात बोलायचं होतं.

या तीन गरजा ज्याला कळल्या, तो त्या भागवू शकतो तसा त्यांना गळही टाकू शकतो. भूक कळलेला माणूस भाकरीही देतो आणि आमिषही लावतो. सट्ट्याची अ‍ॅप पाहा. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारनं सट्ट्याची २२ बेकायदा अ‍ॅप आणि वेबसाइट बंद केल्या, त्यात 'महादेव बुक' होतं. त्याचे प्रवर्तक भिलाईचे, असं ईडीनं सांगितलं आणि तुमच्या गावाचं नाव महिनोन्महिने देशभरच्या बातम्यांत राहिलं. त्या खटल्यात मला शिरायचं नाही, ते काम न्यायालयाचं. मला त्या पडद्याबद्दल बोलायचंय.

बावीस वर्षांचा मुलगा. डिप्लोमा झाला, प्लँटमध्ये कायम नोकरी नाही, कंत्राटी कामात सुपरवायझरची शिवी. घरी 'काय ठरवलंस पुढे?' हा रोजचा प्रश्न. त्याच्या तिन्ही गरजा उपाशी आहेत. आणि तो पडदा त्याला काय म्हणतो? 'तू ठरव, कोण जिंकणार.' माझं मी ठरवलं. 'बघ, थोडक्यात हुकलं, पुढच्या वेळी नक्की.' मला जमतंय. 'ये, ग्रुपमध्ये ये, आपण सगळे आहोत.' मी कुणाचा तरी आहे. तिन्ही गोष्टी मिळाल्या, आणि तिन्ही खोट्या. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा दर वेळी मिळण्यापेक्षा कधी मिळेल कधी नाही असा मिळाला, तर कबूतर बटणावर जास्त चिकाटीनं चोच मारत राहतं. ते बटण आता खिशात आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याआधी ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाला फसवणाऱ्या आखणीचे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. 'दोनच शिल्लक, लवकर घ्या' अशी खोटी घाई. न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू. 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणारं वाक्य. सदस्य व्हायला एक बटण आणि सोडायला सतरा. कायदे हवेतच. पण कायदा पडदा बंद करतो, भूक बंद करत नाही. त्या मुलाला घरात, गल्लीत, कामावर खरं 'ठरवणं' आणि खरं 'जमणं' मिळालं नाही, तर तो दुसरा पडदा शोधणार.

मग खरी आखणी आणि गळ यातला फरक ओळखायचा कसा? मी माझ्या कामात एकच कसोटी लावते. माणूस ती वस्तू बाजूला ठेवून उठला, की तो आधीपेक्षा मोठा झाला की लहान? मण्यांचं साधन खाली ठेवून दाई उठते तेव्हा ती गावात मोठी झालेली असते. सट्ट्याचा फोन खाली ठेवून मुलगा उठतो तेव्हा तो आईच्या नजरेला नजर देत नाही. एवढी कसोटी पुरेशी आहे. इथे बसलेल्या इंजिनिअर मुलामुलींनो, उद्या बेंगळुरू-पुण्यात तुम्हाला सांगतील, लोक अ‍ॅपवर किती मिनिटं राहतात तो आकडा वाढवा. तेव्हा विचारा, राहून त्यांचं काय झालं?

शेवटचा मुद्दा. तो दुकानाचा नाही, आपला आहे. मी मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, गुजरात अशा राज्यांतल्या मराठी मंडळींना भेटते तेव्हा सगळीकडे एकच खंत ऐकते: 'तरुण मुलं मंडळात येत नाहीत. मराठी बोलत नाहीत.' मंडळ हीसुद्धा एक सेवाच आहे, आणि भाषा हीसुद्धा वापरायची वस्तू आहे. मग तेच तीन प्रश्न विचारू या ना.

गणपतीच्या दहा दिवसांत काय व्हायचं, हे ठरवताना त्या मुलांचा वाटा असतो का? की कार्यक्रम काकांनी ठरवायचा आणि मुलांनी खुर्च्या लावायच्या? पहिली गरज तिथेच गेली. मुलगी धीर करून म्हणते, 'मी उद्या येऊन जाईन, मला टाइम भेटला तर.' लगेच चार जण, 'भेटला नाही गं, मिळाला! वेळ म्हण, वेळ!' दुसरी गरज गेली. ती पुढच्या वेळी हिंदीत बोलते, कारण हिंदीत तिला जमतं. आपण तिला चूक दाखवली आणि भाषा हिरावून घेतली. नागपूरकर 'काय करून राहिला बे' म्हणतो, ते काय कमी मराठी आहे? दाईला दहापर्यंत मोजता येत होतं, तर यंत्र दहापर्यंत आलं. या मुलीला हिंदी मिसळलेलं मराठी येतं, तर आपण तिथपर्यंत जायला काय हरकत आहे? शुद्धलेखन पुढे येईल. आधी तोंड उघडू द्या.

आणि तिसरी गरज. महिनाभर एखादा मुलगा आला नाही, तर त्याला कुणी फोन करतं का, 'अरे, दिसला नाहीस'? वर्गणीसाठी करतात, ते सोडून बोलतेय मी.

एक छोटं काम सुचवते. पुढच्या कार्यक्रमातला एक तास पंचविशीच्या आतल्या मुलांच्या हाती पूर्ण द्या. पैसेही द्या, माइकही द्या. काय करायचं ते विचारू नका. भाषा दुरुस्त करू नका. कार्यक्रम थोडा फसेल. फसू द्या, तो त्यांचा फसलेला असेल. आणि ज्याचं स्वतःचं काही फसलं, तो पुढच्या वर्षी ते सुधारायला येतोच.

माझं बोलणं इथे संपलं. आता प्रश्न विचारा. आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलांकडून येऊ द्या, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत.